एवढासा शब्द : पाव

(सामान्य काळातील सतरावा रविवार, वर्ष 'क'. वाचने : उत्पत्ती १८:२०-३२, कलस्सै २:१२-१४, लूक ११:१-१३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एक घरगुती गोष्ट सांगतात. मध्यरात्री एकाच्या घरी पाहुणा येतो आणि घरात वाढायला काही नसते. तो मित्राचे दार ठोठावून तीन भाकरी उसन्या मागतो. मित्र आतूनच सांगतो की दार लावून घेतले आहे, लेकरे निजली आहेत, आता उठवत नाही. तरीही हा मागतच राहतो आणि शेवटी त्याला मिळते. पुढे प्रभू विचारतात, लेकराने मासा मागितला तर कोणता बाप त्याच्या हातावर साप ठेवील?

ही गोष्ट आपल्या गावच्या बोलीत सांगायची तर एकच आवाज तीनदा कानावर येईल. घरी 'पावणा' आला, त्याच्यासाठी 'पाव' मागितला आणि शेवटी मित्र 'पावला'. वाटावे की हे तिन्ही शब्द एकाच घरातले भाऊ आहेत. पण तसे नाही. पावणा म्हणजे पाहुणा, हा संस्कृतातील 'प्राघुण' या शब्दावरून आलेला. पावणे म्हणजे मिळणे, पोहोचणे, प्रसन्न होणे, हे 'प्राप्' या धातूपासून. पैसे मिळाल्याची 'पावती' आपण घेतो ती याच धातूची लेक. आणि दुकानात पावकिलो साखर मागतो तो पाव तिसराच. तो 'पाद' या शब्दापासून, म्हणजे पाय. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. चार आण्याच्या नाण्याला आपले वडीलधारे 'पावली' म्हणत. २०११ च्या जूनअखेर ते नाणे चलनातून गेले, शब्द मात्र अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. प्रभूने जिचे कौतुक केले त्या विधवेने दानपेटीत दोन लहान नाणी टाकली, त्यांची किंमत संत मार्क 'क्वाद्रान्स' अशी सांगतात. त्या रोमी नाण्याच्या नावाचाच अर्थ चौथा हिस्सा. म्हणजे बाईने टाकली ती पावलीच म्हणायची.

बेकरीतला पाव समुद्र ओलांडून आला. लॅटिनमध्ये भाकरीला 'पानिस' म्हणत, त्याचे पोर्तुगीजांनी नाकात बोलून 'पांव' केले आणि कोकण किनाऱ्यावर त्याचा पाव झाला. गोव्यात खमीर मिळत नसे म्हणून माडाची ताडी घालून पीठ फुगवीत. तिथे पाव भाजणाऱ्याला आजही 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्द. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या काळाविषयी लोक सांगतात की विहिरीत पाव टाकला, ते पाणी ज्यांनी प्याले ते बाटले आणि त्यांना जातीबाहेर काढले. यात खरे किती आणि रचलेले किती हा वाद बाजूला ठेवू. पण पाव या शब्दाला ख्रिस्ती माणसाची टिंगल करण्याचा अर्थ चिकटला, हे खरेच. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना 'माकापाव' म्हणून चिडवीत. आपल्याकडच्या काही मुलांनीही शाळेत असे टोमणे ऐकले आहेत आणि ते घरी येऊन रडली आहेत.

गंमत अशी की वेदीवर आपण जी भाकर अर्पण करतो ती पाव नाहीच. लॅटिन परंपरेत ती गव्हाची आणि बिनखमिराची लागते. आणि ज्या पावाने एके काळी माणूस जातीतून जायचा, त्याच्या पोटात वडा घालून आज सगळा महाराष्ट्र एसटी स्टँडवर उभ्याउभ्या खातो. शब्द तोच, पाव तोच, पण लोकांनी त्याचा अर्थ बदलून टाकला.

शब्दाला अर्थ कुठून येतो, हा प्रश्न सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला बराच छळत असे. त्याचे सर्वांत सोपे उत्तर आम्हांला संत ऑगस्टीन यांच्याकडे मिळाले. ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या त्यांच्या ग्रंथात, म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी, त्यांनी दोन उदाहरणे दिली आहेत. 'बेटा' म्हटले की ग्रीक माणसाला आपल्या वर्णमालेतले एक अक्षर आठवते आणि लॅटिन माणसाला एक भाजी. आपण बीट म्हणून किसून खातो तीच. दुसरा शब्द 'लेगे'. तो ऐकून ग्रीक माणूस बोलू लागेल आणि लॅटिन माणूस वाचू लागेल. ऑगस्टीन म्हणतात की आवाजात स्वतःचे असे काही नसते. एकत्र राहणाऱ्या माणसांनी ते ठरवलेले असते, आणि जिथे ते ठरलेले नाही तिथे तो आवाज मुका.

आपला पाव घेऊन थोडे हिंडलो तर हे लगेच पटते. स्पेनच्या कॅटलान लोकांत 'पाउ' म्हणजे शांती, आणि संत पौलाचे नावही पाउ. पोर्तुगीजांत भाकरीचा 'पांव' नाकातला. तोच नाकात न बोलता 'पाउ' म्हटला तर लाकूड किंवा सोटा. ब्राझील देशाचे नाव ज्या लाल लाकडावरून पडले ते 'पाउ-ब्राझील'. चिनी भाषेत याच्या अगदी जवळचा उच्चार आहे आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. एका सुरात तो सारण भरून वाफवलेला गोळा, दुसऱ्या सुरात मौल्यवान वस्तू, तिसऱ्या सुरात वर्तमानपत्र. म्हणजे आपल्या हातातले हे पत्रकही चीनमध्ये पावच! या चिनी पावाचा आपल्या पावाशी काही संबंध नाही, दोन्ही खाण्याचे असले तरी.

जवळचेच पाहायचे तर आपल्यातील बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, काही कर्नाटकातल्या कारखान्यांवर. तिकडे सापाला 'हावु' म्हणतात हे त्यांना ठाऊक आहे. जुन्या कन्नडमध्ये हाच शब्द 'पावु' असा होता. पुढे कन्नडने शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा 'ह' केला. तेलुगूने तो 'पामु' म्हणून राखला, तमिळने 'पाम्बु' म्हणून. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या कन्नड माऊलीसमोर आपले लेकरू जाऊन पाव मागते, तर ती बिचारी काठी शोधत अंगणात धावली असती. आणि आजच्या कन्नडमध्येही 'पावु' शब्द आहे, पण तो पावशेराच्या मापाचा! देगलूरच्या बाजूला तेलुगू बोलणारा माणूस 'पालु' मागतो तेव्हा तो दूध मागत असतो. ते न कळणारी आपली बाई भिंतीवर पाल शोधते.

इथे एक मोह होतो, विशेषतः आम्हा प्रवचनकारांना. कन्नडमध्ये हावु म्हणजे साप, मराठीत हाव म्हणजे लोभ, आणि एदेन बागेत सापानेच हव्वेला हाव लावली! प्रवचन ठोकून द्यायला यापेक्षा काय हवे? पण हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगावर श्रद्धेची भिंत बांधू नये. ख्रिस्त आणि कृष्ण हे शब्द सारखे वाटतात म्हणून दोन्ही एकच, असे संदेश मोबाईलवर फिरतात. ख्रिस्त हा ग्रीक शब्द, अर्थ 'अभिषिक्त'. कृष्ण हा संस्कृत शब्द, अर्थ 'सावळा'. दोन शब्दांचे नाते नाही. आणि उलट बाजूने आपलेही काही उत्साही प्रचारक जुन्या संस्कृत ग्रंथांतील एखादा शब्द पकडून तिथे येशूचे नाव आहे असे सांगत सुटतात. ते आम्हांला तितकेच नापसंत आहे. प्रभूला अशा आधाराची गरज नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण आता सांगतो. गेल्या महिन्यात एका घरी रोझरीनंतर मोकळ्या प्रार्थना चालू होत्या. घरातल्या आजींचा नातू आजारी होता. त्यांनी डोळे मिटून एवढेच म्हटले, "देवा, पाव रं बाबा." प्रार्थना संपल्यावर आपल्याच युवक मंडळातील एक मुलगा त्यांना म्हणाला, "आजी, असं म्हनू नका. हे देवीला म्हनतात, नवसाचं बोलनं हाय. आपन 'कृपा कर' म्हनावं." आजी गप्प झाल्या. पुढच्या दोन प्रार्थनासभांना त्या आल्या, पण तोंडातून शब्द काढला नाही. मग दोघांकडची माणसे आमच्याकडे आली. फादर, तुम्हीच सांगा, ख्रिस्ती माणसाने 'पाव' म्हणावे की नाही?

मुलाचा प्रश्न हलका नाही. पहिल्या आज्ञेची त्याला काळजी आहे आणि ती असावी. ख्रिस्तसभेतही हा प्रश्न फार मोठ्या माणसांपुढे उभा राहिलेला आहे. १५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर जपानला पोहोचले. भाषा येत नव्हती. आंजिरो नावाचा एक जपानी माणूस गोव्यात बाप्तिस्मा घेऊन त्यांच्याबरोबर गेला होता, तो भाषांतर करी. परमेश्वरासाठी कोणता शब्द वापरायचा? आंजिरोने 'दाइनिची' हा शब्द सुचवला. झेवियर तो वापरू लागले आणि तिथल्या एका बौद्ध पंथाच्या भिक्षूंनी त्यांचे आनंदाने स्वागत केले, कारण दाइनिची हे त्यांच्याच श्रेष्ठ बुद्धाचे नाव. हे पाहुणे आपलीच शिकवण घेऊन आले आहेत असे त्यांना वाटले. पुढे झेवियरना हे उमगले. त्यांनी तो शब्द टाकला आणि लॅटिन 'देउस' तसाच उचलून 'देउसु' म्हणायला सुरुवात केली. आता तरी गोंधळ मिटायला हवा होता. पण विरोधक हसू लागले, कारण जपानीत 'दाइ उसो' म्हणजे मोठे खोटे!

आपला मुलगा सांगतो तो उपाय झेवियरनी केला होता. जुना शब्द टाकला, शुद्ध शब्द घेतला, आणि शुद्ध शब्दालाही रस्त्यावर नवा अर्थ चिकटला. (भाकरीसाठी पोर्तुगीजांचा शब्द मात्र जपान्यांनी कुरकुर न करता घेतला. ते आजही तिला 'पान' म्हणतात. आपण ऐकले तर विडा पुढे करू.)

आणि 'पाव' टाकायचा तर 'देव' कसा ठेवायचा? तोही शब्द आपल्या आधीपासून या मातीत आहे. ग्रीक भाषेतला 'थेऑस' झ्यूसलाही लावीत असत, तोच शुभवर्तमानकारांनी येशूच्या पित्यासाठी वापरला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट १५७९ मध्ये गोव्यात आले. आपली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. त्यात स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द घेतला आहे. त्यांना वैकुंठ कोणाचे हे माहीत नव्हते असे नाही. लोक जो शब्द घेऊन जगतात त्याच शब्दातून त्यांच्याशी बोलावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंना दळण दळताना देव हात लावू लागे, असे लोक श्रद्धेने सांगतात. ते ऐकत वाढलेल्या या मुलखात अडीनडीला धावून येणाऱ्याला 'पावला' म्हणतात. आजींना याहून नेमका शब्द कुठला सापडणार होता?

नवसाची गोष्ट मात्र वेगळी आणि तिथे आम्ही मुलाच्या बाजूला आहोत. "तू हे दे, मी ते देतो" हा सौदा झाला. पण हा सौदा शब्दात नसून मनात असतो, आणि तो आपल्या लोकांतही आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांत असे कितीजण असतील हे ज्याचे त्याने तपासावे. आजच्या पहिल्या वाचनात अब्राहाम परमेश्वराशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असतील तर? पंचेचाळीस? चाळीस? करत करत तो दहावर येतो. आपल्या बाजारात बाया भाजीचा भाव करतात तशीच ही बोली. फरक एवढाच की अब्राहाम स्वतःसाठी काही मागत नाही आणि बदल्यात काही देऊही करत नाही. देण्यासारखे त्याच्याजवळ काही नाहीच. मध्यरात्री दार ठोठावणाऱ्याजवळही काही नव्हते. आम्ही आजींना विचारले, "आजी, देवाला काय द्यायचं कबूल केलं होतं?" त्या म्हणाल्या, "माज्यापाशी काय हाय फादर?"

एवढे विचारले असते तर त्या मुलालाही कळले असते. माणसाचा शब्द त्याच्या तोंडातून घेऊन तपासण्याआधी त्याला काय म्हणायचे आहे हे त्याच्याजवळ बसून ऐकावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. हवाई बेटांच्या भाषेत 'पाउ' म्हणजे संपले, पूर्ण झाले. तिथल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांना नेऊन सोडीत. बेल्जियमचे फादर दामियान १८७३ मध्ये त्यांच्यात राहायला गेले. ते आधीच हवाईची भाषा शिकले होते. सोळा वर्षे ते तिथे राहिले, जखमा धुतल्या, शवपेट्या केल्या, आणि शेवटी त्याच रोगाने १८८९ मध्ये वारले. २००९ मध्ये त्यांना संतपद दिले गेले. ते प्रवचनात 'आम्ही कुष्ठरोगी' असे म्हणत, आणि ज्यांना उद्देशून म्हणत त्यांना त्या 'आम्ही'चा अर्थ कोशात पाहावा लागला नाही. अशा माणसाच्या तोंडून 'पाउ' ऐकताना मरणाऱ्याला काय ऐकू आले असेल? कोशातला अर्थ 'संपले' एवढाच आहे.

दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतात की आपल्यावरचा कर्जाचा लेख ख्रिस्ताने क्रूसाला खिळून रद्द केला. ऊसतोडीची उचल घेतलेल्या माणसाला हे वाचन समजावून सांगावे लागत नाही. मुकादमाच्या वहीतला आकडा खोडला जाणे म्हणजे काय ते तो आमच्यापेक्षा बरे जाणतो. त्या वहीतले 'उचल', 'बाकी', 'फेड' हे शब्द त्याने प्रार्थनेत आणले तर आणू द्यावेत.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर : आजींनी 'पाव' म्हणावे. ज्यांना 'कृपा कर' म्हणायचे त्यांनी तसे म्हणावे. त्या मुलाने आजींच्या घरी जाऊन त्यांच्या शेजारी बसावे असे आम्ही त्याला सांगितले, आणि तो गेला. नातू आता बरा आहे. पण तो बरा झाला नसता तरी आमचे उत्तर हेच राहिले असते.

पुढच्या रविवारपासून मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनेच्या वेळी छापील प्रार्थनांनंतर थोडी जागा मोकळी ठेवणार आहोत. ज्यांना आपल्या शब्दांत मागायचे आहे त्यांनी जागेवरूनच मागावे. कारखान्यावर वाढलेल्या मुलांनी कन्नडमध्ये मागितले तरी चालेल. लिहिता न येणाऱ्यांनी संकोच करू नये. युवक मंडळातील मुलांनी त्या वेळी कुणाचाही शब्द सुधारू नये.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू